लालासाहेबाची मूठ

लालासाहेबाच्या डाव्या मुठीला गावात मान होता. बायका देवळात आल्या की आधी विठोबाच्या पायांवर डोकं ठेवायच्या, मग खांबाला टेकून बसलेल्या लालासाहेबाकडं वळायच्या आणि छातीशी घट्ट आवळलेल्या त्या मुठीला दोन बोटं लावून ती कपाळाला न्यायच्या. पोरांना पुढं ढकलायच्या. ‘पड पाया. देवानं धरल्याली मूठ हाय ती.’ लालासाहेब समोर बघत बसायचा. शेजारी त्याची बायको बनुबाई पदर सावरून मान खाली घालायची. त्या वेळी तिच्या पोटात जरा ऊन वाटायचं. नवरा पडल्यापासून तिला सगळं गार आणि लांबचं झालं होतं. जेवलं काय, न जेवलं काय, कोण आलं, कोण गेलं, सारखंच. तेवढं एक ऊन होतं.

गाव कराडच्या खाली, कृष्णेच्या काठाला. लालासाहेब पलटणीतनं हवालदार होऊन घरी आला, ऊस लावला आणि संध्याकाळी टाळ गळ्यात अडकवून कीर्तनात उभा राहायला लागला. गळा त्याला बेताचाच, पण टाळ ऐकावा तर त्याचा. कीर्तनकार जोतिबाबुवा त्याच गावचे. ते म्हणायचे, ‘‘मृदंग चुकला तर मी सांभाळून नेतो. हवालदार चुकला तर आपण खाली बसणार बाबा!’’ आणि खोटं नव्हतं ते. ज्यानं कीर्तनात रात्र घालवलीय त्याला ठाऊक आहे, की बुवा हसवतात, रडवतात, अर्थ उलगडून हातात देतात, पण त्या सगळ्याला खालून खांदा असतो तो मागं उभ्या राहिलेल्या टाळकऱ्यांचा. ती रांग डुलायला लागली की बसलेला माणूससुद्धा आतून उभा राहतो. लालासाहेब त्या रांगेत उजवीकडून पहिला.

पावसाळ्यात आडसाली उसाची लागण चालली होती. लालासाहेब सकाळी पाटाच्या कडेला बसला तो उठलाच नाही. तोंड वाकडं झालं, डावं अंग गेलं. साताऱ्याच्या दवाखान्यात नेला, जीव वाचला. बोलणं जड झालं, पण राहिलं. घरी आणला तेव्हा डावा हात ओल्या फडक्यासारखा झाला होता. बनुबाई तो उचलून त्याच्या पोटावर ठेवायची. हात घसरून परत बाजेखाली लोंबायचा. ती परत उचलायची.

दसऱ्यानंतरच्या एकादशीला चार जणांनी त्याला खुर्चीवर बसवून देवळात नेला. धाकटा भाऊ गुंडा म्हणाला, ‘‘दादाच्या हातात टाळ तरी देऊ या की. बरं वाटंल.’’ टाळाची दोरी त्यानं डाव्या पंजात ठेवली, बनुबाईनं ती बोटं आपल्या हातानं मिटून धरली. कीर्तन रंगात आलं. गजर सुरू झाला. देऊळ दणाणलं. बनुबाईला टाळी वाजवायची होती की पदर सावरायचा होता, तिला नंतर आठवेना. पण तिनं आपला हात काढून घेतला आणि लालासाहेबाची बोटं उघडली नाहीत. टाळ धरून राहिली. एवढंच नव्हे, गजर चढला तसा तो मेलेला हात कोपरात वाकला आणि टाळासकट छातीकडं वर आला.

कुणीतरी ओरडलं. बुवांनी कीर्तन थांबवलं, खाली आले आणि भर सभेत लालासाहेबाच्या मुठीवर डोकं ठेवलं. ‘‘मंडळी, आपण देवाला धरायला जातो आणि हात सुटतो. इथं देवानंच हात धरलाय. तो कसा सुटंल?’’ म्हातारी माणसं रडली. बनुबाई रडली नाही; तिला फक्त ते पोटातलं ऊन लागलं, पहिल्यांदा.

मग तिनं कंबर कसली. हात आलाय, तो परत जाऊ द्यायचा नाही. सकाळी तिळाचं तेल कोमट करून चोळायचं, मग चिंध्यांचा आवळून गोळा करायचा, तो मुठीत कोंबायचा आणि म्हणायचं, ‘‘दाबा. आजून दाबा. आवं, जोर लावा की जरा!’’ लालासाहेब दाबायचा. दात आवळायचा, कपाळावर घाम यायचा, पण दाबायचा. थंडी पडेपर्यंत मूठ दगडासारखी झाली. डावा पायही खांबासारखा ताठ झाला, इतका की त्याच्यावर भार देऊन लालासाहेब उभा राहायला लागला. गुंडानं धरून त्याला परत रांगेत नेलं. डाव्या मुठीला एक टाळ बांधलेला, ती मूठ छातीला चिकटलेली; उजव्या हातात दुसरा टाळ, तो त्याच्यावर आपटायचा. गजराला मूठ आपोआप हनुवटीपर्यंत चढायची. बघायला शेजारच्या गावची माणसं यायची. बुवा दहा गावांत कीर्तनं करायचे. तिथं हवालदाराच्या मुठीचा दृष्टांत सांगितल्याशिवाय त्यांचं कीर्तन पुरं होत नसे.

आणि मग वास यायला लागला.

आधी बनुबाईला वाटलं, तेल खवट झालं. तेल बदललं. मग मुठीच्या फटीतून पाणी दिसलं. नखं आत वाढून तळव्यात रुतली होती. गावच्या न्हाव्यानं लालासाहेबाचा हात मांडीवर घेतला, बोटांत बोट घालून बघितलं आणि हात जोडले. ‘‘वैनी, ही मूठ मला नाय उघडायची. मोडंल बोट.’’ चैत्रातला सप्ता आठवड्यावर आला होता. सात दिवस नामघोष, रोज कीर्तन, आणि यंदा लांबलांबची मंडळी मुठीच्या दर्शनाला येणार असं बुवा सांगून बसले होते. गुंडा म्हणाला, सांगलीत नसांचा डागतर बसतो म्हणं. चला, तेवढी जखम वाळवून आणू.

आणीबाणी उठून वर्ष झालं होतं. गाड्या पुन्हा आपल्या वेळेला येत नव्हत्या. कराडच्या स्टेशनावर उन्हात बसून बसून त्यांना पॅसेंजर मिळाली. लालासाहेबाचा पाय वाकेना, म्हणून गुंडानं समोरच्या बाकावरच्या माणसाला उठवलं आणि पाय तिथं लांब केला. उठलेल्या माणसानं तोंड वाकडं केलं. मग कुणीतरी त्याच्या कानात सांगितलं, ‘हाच तो, मुठीवाला.’ त्या माणसानं वाकून मुठीला हात लावला. लालासाहेबानं डोळे मिटले. बनुबाई खिडकीबाहेर बघत होती. शिवारं मागं जात होती, ती जाताना दिसत होती, एवढंच.

डॉक्टर जयपाल चौगुले सांगलीजवळच्या एका जैन शेतकऱ्याच्या घरातले. वय पन्नाशीच्या अलीकडं, बोलणं संथ, वाक्याच्या शेवटी थोडा हेल. त्यांच्या खोलीत लोखंडी खाट, एक टेबल आणि खिडकीबाहेर टांग्यांचा तळ. नंबर लागेपर्यंत उन्हं कलली होती.

‘‘मूठ कधीपासून अशी?’’

‘‘दसऱ्यानंतरच्या एकादशीपासनं,’’ गुंडा पुढं झाला. ‘‘देवळात टाळ दिला तवा धरली.’’

‘‘आपोआप?’’

‘‘विठोबानं धरली, डागतरसाहेब.’’

डॉक्टर हसले नाहीत. ‘‘बरं’’ म्हणाले आणि लालासाहेबाचं कोपर हातात घेतलं. झटक्यानं ओढलं, तर हात मध्येच आडला. मग अगदी हळू, बैलाला पाण्यावर न्यावं तसं सैल धरून ओढलं, तर थोडा थोडा आला. मग पायाचा पंजा वर ढकलून धरला, तसा पाय आपला आपणच थडथड उडायला लागला.

‘‘आयला!’’ गुंडा मागं सरला. ‘‘पाय बी नाचाय लागला की रं दादा.’’

लालासाहेबाच्या तोंडाची चांगली बाजू हलली. ‘‘तुझ्या लग्नात न्हाई नाचला,’’ तो जड जिभेनं म्हणाला, ‘‘ती बाकी फेडतोय.’’

डॉक्टर आता हसले. हसता हसताच म्हणाले, ‘‘हवालदार, जांभई येते तेव्हा हात वर उठतो का?’’

लालासाहेबानं बनुबाईकडं बघितलं.

तिनं बघितलं होतं. पहाटे तो जागा व्हायचा, मोठी जांभई द्यायचा आणि मूठ हळूहळू वर चढायची, थेट गजरात चढते तशी. एकदा शिंकेलाही चढली होती. तिनं ते कुणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही नव्हतं सांगितलं; बघायची आणि उठून चुलीकडं जायची.

‘‘उठतो,’’ बनुबाई म्हणाली.

‘‘खोकला आला, जोरात ओरडलं, कष्टानं उभं राहिलं?’’

‘‘तवा बी.’’

डॉक्टरांनी खुर्ची ओढून तिच्यासमोर घेतली. गुंडाकडं नव्हे, तिच्याकडं तोंड करून बसले. ‘‘हे बघा बाई. मेंदू हाताला दोन हुकूम देत असतो. एक, धर. दुसरा, सोड. आपण भाकरी उचलतो, ठेवतो, तेव्हा दोन्ही चाललेले असतात, आपल्याला कळतसुद्धा नाही. ह्यांच्या मेंदूत त्या जागेचं रक्त बंद झालं. आता ‘सोड’ म्हणणारं कुणी उरलं नाही. म्हणून हात धरूनच बसलाय. पाय ताठ होऊन बसलाय. ही ताकद नाही. हा ताठा आहे.’’

‘‘पर आधी हात मेल्याला हुता,’’ गुंडा म्हणाला. ‘‘मग त्यात जीव आला.’’

‘‘ह्या आजारात पुष्कळांचं असंच होतं. आधी लुळा, मग काही आठवड्यांनी ताठ. देवळात न जाता घरी असते तरी झालं असतं.’’

बनुबाईला शब्द कळत होते. शेजारच्या खोलीत कुणी कुणाला तरी काही सांगावं, तसे ते येत होते.

‘‘आमी रोज दाबाय लावलं,’’ ती म्हणाली.

‘‘काय दाबायला?’’

‘‘मूठ. चिंध्यांचा गोळा करून. दोन्ही टायमाला. मीच म्हनायची, जोरानं दाबा.’’

‘‘दाबायला नको होतं बाई. उघडायला पाहिजे होतं.’’

असं म्हटल्यावर माणसाला काहीतरी होतं. बनुबाईनं वाट बघितली. काही झालं नाही. खिडकीबाहेर एक घोडा खूर आपटत होता. ती तो आवाज ऐकत राहिली.

दारात कंपाउंडर आला. ‘‘साहेब, घरून डबा आलाय. दिवस मावळायला आला.’’ डॉक्टरांनी मान हलवली. ‘‘येतो.’’ पण उठले नाहीत.

‘‘आता काय करता येईल ते सांगतो. एक, गोळी आहे. झोपेच्या गोळीच्या घरातलीच. ती ताठा सैल करते. पण हाताचा तेवढा करते असं नाही, सगळ्या अंगाचा करते. पेंगही येते. परदेशात दुसऱ्या गोळ्या निघाल्यात, आपल्याकडं अजून सहज मिळत नाहीत. दुसरं, नसेत औषध टोचून ती मारता येते, नाहीतर ऑपरेशन करून आखडलेल्या शिरा लांब करता येतात. त्याला मुंबई-पुण्याला जावं लागेल, आणि त्यानं हात उघडला तरी तो परत काही धरील असं नाही. तिसरं काम तुमचं. रोज हात-पाय सावकाश ताणायचे आणि हात फळीवर उघडा बांधून ठेवायचा. गोळी आणि हे काम बरोबर चालवायचं. माझं मत तेच आहे.’’

‘‘गोळीनं मूठ सुटंल?’’ गुंडानं विचारलं.

‘‘सैल होईल.’’

‘‘टाळ धरंल का?’’

‘‘नाही. आता धरलाय तसा नाही.’’

‘‘आन पाय?’’

‘‘तेच सांगणार होतो. ह्यांचा पाय ताठ आहे म्हणून हे त्याच्यावर उभे आहेत. गोळी दिली की तो ढिला पडेल. काही दिवस तरी उभं राहता येणार नाही. पुढं शिकवून किती येईल, ते मी आज लिहून देणार नाही.’’

गुंडा उभा राहिला. ‘‘मग नगं. डागतर, तुमी मलम द्या. जखम वाळली म्हंजी झालं. आवं, सप्ता हाय आठ दिसांनी! गावंच्या गावं येनार हाईत दादाला बगाय. उभा ऱ्हातोय त्यो, टाळ वाजवतोय, आन तुमी त्याला पाडाय निगालाय व्हय?’’

‘‘मूठ बंद असताना आतली जखम वाळत नाही. कुजते. पुढं बोटाचे सांधे धरले की मग गोळीचाही उपयोग नाही.’’ डॉक्टरांचा आवाज तोच होता. ‘‘बाई, जरा इकडं या. तुम्ही त्यांचं सगळं करता ना? मग तुम्ही बघा.’’

त्यांनी बोटांना हातच लावला नाही. लालासाहेबाचं मनगट धरलं आणि ते आतल्या बाजूला, खाली, हळूहळू वाकवत नेलं. मग आंगठा मुळाशी धरून बाहेर काढला. आणि जी बोटं न्हाव्याला, गुंडाला, कुणालाच हलली नव्हती, ती एकामागून एक उघडली.

वास खोलीभर झाला. गुंडानं तोंड फिरवलं.

तळवा पांढराफटक होता, फार वेळ पाण्यात राहिलेल्यासारखा, आणि मधोमध नखांची तीन भोकं. त्यात चिंधीचे धागे अडकलेले होते. बनुबाईनं रोज जे कोंबलं होतं, तेच. तिनं त्या तळव्याकडं बघितलं. आपल्या नवऱ्याचा तळवा म्हणून तिला तो ओळखू येईना. टाळाच्या दोरीचा घट्टा असायचा तिथं काही नव्हतं.

‘‘आता तुम्ही करा,’’ डॉक्टर म्हणाले. त्यांनी हात सोडला. मूठ लगेच मिटली. ‘‘मनगट आधी. ओढू नका. हां. आता आंगठा.’’

बनुबाईनं केलं. तिच्या हातात बोटं उघडली. ती धरून उभी राहिली, पुढं काय करायचं ते न कळल्यासारखी.

‘‘तशीच धर जरा,’’ लालासाहेब म्हणाला. त्याचे डोळे मिटले होते. ‘‘सोडू नगंस.’’

‘‘दुखतंय?’’

‘‘आता न्हाई. आता थांबलंय.’’

‘‘म्हंजी रोज दुखत हुतं?’’

शब्द त्याला एक एक करून उचलून आणावे लागत. ‘‘दाबताना दुखायचं. बांधल्यावर दुखायचं. गजराला तर… आतनं कुनी पिळून काढल्यावानी.’’

‘‘मग बोलला का न्हाईसा?’’

‘‘काय बोलू? त्या एकादशीला घरी आलो. तू ताट वाढून घेतलंस. भाकरी खाल्लीस, वर आजून एक घेतलीस. मी पडल्यापासनं तुला जेवताना बगितलंच नव्हतं. म्हनलं, आसूं दे. मूठ आसूं दे.’’

गुंडा भिंतीकडं तोंड करून नाक पुसत होता. बनुबाई हात धरून उभी होती. रडायला पाहिजे, असं तिला कळत होतं.

कंपाउंडर परत दारात आला. खिडकीतला उजेड गेला होता. डॉक्टरांनी त्याच्याकडं न बघताच सांगितलं, ‘‘डबा तू खा. माझं आज राहिलं.’’ मग लालासाहेबाच्या खांद्यावर हात ठेवला. ‘‘हवालदार, अंग तुमचं आहे. काय करायचं?’’

‘‘गोळी द्या.’’

‘‘दादा, बुवास्नी काय सांगायचं?’’ गुंडा वळला. ‘‘लोकं येनार हाईत.’’

‘‘सांग, हवालदार मेडिकलमदी फेल झाला.’’

डॉक्टरांनी जखम धुऊन, नखं कापून, फळीला हात बांधून दिला. गोळ्यांची पुडी मात्र बनुबाईच्या हातात दिली. ‘‘उद्या सकाळपासून. एकदम बंद करायची नाही, एकदम वाढवायची नाही. आणि त्यांनी नको म्हटलं तरी तुम्ही विसरायचं नाही.’’ पुडी तिनं कमरेला खोचली.

रात्रीच्या गाडीनं ती परतली, आणि दुसऱ्या दिवशी गाव उठायच्या आत बातमी उठली होती. सकाळीच जोतिबाबुवा आले. साठीचे, ठेंगणे, कपाळावर बुक्का. ओसरीवर बसले, पाणी प्याले, लालासाहेबाच्या फळीवर बांधलेल्या हाताकडं बघत राहिले. बुवा ढोंगी नव्हते, हे सांगितलं पाहिजे. त्या रात्री मुठीवर डोकं ठेवताना त्यांच्या डोळ्यांत खरं पाणी होतं, आणि दहा गावांत त्यांनी जे सांगितलं ते स्वतः मानून सांगितलं होतं.

‘‘बनुबाई,’’ ते म्हणाले, ‘‘डॉक्टर म्हणाले ते खरं असंल. मी ना म्हणत नाही. पण एवढा सप्ता होऊ द्या. माणसं पायी निघाल्यात. त्यांना मी काय तोंड दाखवू? काल्याचं कीर्तन झालं की त्याच दिवशी गोळी सुरू करा. एवढे महिने काढले, आता पंधरवडा.’’

गुंडा लगेच म्हणाला, ‘‘मी बी तेच म्हनतोय.’’

बनुबाईनं नवऱ्याकडं बघितलं. लालासाहेब बुवांकडं बघत होता. ज्यांच्या भुवईच्या इशाऱ्यावर त्यानं इतकी वर्षं लय धरली त्या माणसाकडं.

‘‘ऱ्हाऊं दे गं,’’ तो म्हणाला. ‘‘पंधरा दीसच. बुवांचा शब्द हाय. बांद टाळ.’’

टाळ खुंटीला होता. हात लांबवला की येईल इतका जवळ. गावासमोर नवरा उभा, लोक रडतायत, बायका मुठीला हात लावून जातायत. ते सगळं अजून होतं, फक्त एक पुडी मागं ठेवायची होती. ते पोटातलं ऊनही येईल. आठवडाभर तरी येईल. तिनं ते येतंय का म्हणून आत चाचपून बघितलं. आत डॉक्टरांच्या खोलीतला तो पांढरा तळवा होता आणि दुसरं काही नव्हतं.

ती उठली. तांब्या घेतला, कमरेची पुडी सोडली, एक गोळी काढली.

‘‘बुवा, तुमी इकडं या,’’ ती म्हणाली. ‘‘ह्येंच्या फळीची पट्टी सोडा. मनगट धरा. न्हाई, ओढू नगा. खाली वाकवा. हां. आता आंगठा.’’

बुवांना नाही म्हणायला जमलं नाही. चिपळ्या धरून धरून पातळ झालेल्या त्यांच्या बोटांत लालासाहेबाची बोटं उघडली. बुवांनी आतलं बघितलं. बराच वेळ बघितलं.

‘‘ह्याच्यावर मी डोकं ठेवलं होतं,’’ ते म्हणाले.

‘‘व्हय.’’

‘‘आणि हे आत होतं?’’

‘‘तवा नव्हतं. मग झालं. मी केलं,’’ बनुबाई म्हणाली. तिचा आवाज भाकरी झाली म्हणून सांगावं तसा होता. ‘‘देवानं धरली का न्हाई मला म्हाईत न्हाई. मला एवढं ठावं हाय, ह्येंनी गप ऱ्हाऊन सोसलं, आन ते आमी बगायला माणसं बोलावली. आता न्हाई बोलवायची.’’

तिनं गोळी लालासाहेबाच्या जिभेवर ठेवली आणि तांब्या तोंडाला लावला. लालासाहेबानं बुवांकडं एकदा बघितलं आणि गिळली.

बुवा हात धरूनच बसले होते. जाताना त्यांनी दारात चपला घातल्या, परत काढल्या, आत येऊन लालासाहेबाच्या पायांना हात लावला, आणि गेले.

गोळीनं चार-सहा दिवसांत काम केलं. आधी पेंग आली. लालासाहेब दुपारभर घोरायचा. बनुबाई उशाशी बसून हात ताणायची, पाय ताणायची, फळी बांधायची, सोडायची. मूठ नरमली. तळव्याला खपली धरली. तिला सगळं दिसत होतं आणि त्याचं तिला बरंही वाटत नव्हतं आणि वाईटही. सप्ता बसला. बाहेरगावची माणसं दारावरून जाताना आत डोकावायची, फळीवर पसरलेला हात बघायची आणि आपसात काहीतरी बोलून पुढं सरकायची. पहिल्या दिवशी बुवांनी दृष्टांत सांगितलाच नाही म्हणे. हरणाबाई शेजारीण येऊन सांगून गेली. ‘‘मधीच थांबलं बग बुवा. पानी प्यालं, आन दुसरंच सांगाय लागलं.’’

काल्याच्या दिवशी सकाळी लालासाहेब म्हणाला, ‘‘मला अंगणात ने. उनात.’’

गुंडा देवळात पंगत वाढायला गेला होता. बनुबाईनं नवऱ्याच्या काखेत खांदा घातला, कमरेला मिठी मारली आणि उठवला. रोज असाच उठवायची. पाय खांबासारखा रोवला की झालं. दोन पावलं टाकली. तिसऱ्याला डावा पाय गुडघ्यात दुमडला. पोतं सुटावं तसा लालासाहेब खाली आला आणि त्याच्याबरोबर ती. दोघं अंगणाच्या मधोमध, सारवलेल्या जमिनीवर बसली. पडली म्हणावं तर तेवढ्या जोरानं नाही.

‘‘लागलं?’’

‘‘न्हाई. तुला?’’

‘‘न्हाई.’’

उठवायचं म्हणून तिनं हात लावला आणि थांबली. इतके महिने त्याला धरायचं म्हणजे फळी धरण्यासारखं होतं; कुठंही हात लावला तरी अंग तिला मागं ढकलायचं. आता त्याचा सगळा भार तिच्या अंगावर येऊन पडला होता, जड आणि मऊ, झोपलेल्या पोराचा असतो तसा. डोकं तिच्या खांद्यावर आलं होतं. केसांना तेलाचा आणि घामाचा वास होता.

देवळाकडं निघालेल्या बायका कुंपणाशी थांबल्या. ‘‘अगं बया, पडलं काय दोगं? गुंडाला हाळी घालू का?’’

‘‘नगं,’’ बनुबाई म्हणाली. ‘‘जावा तुमी, दहीहंडी चुकंल. आमी बसलोय.’’

बायका गेल्या. देवळात मृदंगावर थाप पडली आणि टाळ सुरू झाले. उजवीकडून पहिल्या जागी आता दुसराच कुणीतरी होता, आणि तो अर्धी मात्रा मागं होता. लालासाहेबाच्या तोंडाची चांगली बाजू हलली.

‘‘मागं पडतंय गाढव,’’ तो म्हणाला.

बनुबाईनं ऐकलं. पडत होतं खरं. तिनं आपली पाठ ताठ केली, म्हणजे त्याला नीट टेकता येईल, आणि ऊन अंगणात आणखी आत येईपर्यंत ती तशीच बसून राहिली.